अभ्यासात मागे पडलेली मुले आणि गुन्हे: कालच्या पोस्टला उत्तर

निवृत्त शिक्षिका, सोलापूरचा पूर्व भाग:
दुचाकी चोरीत सापडलेल्या अल्पवयीन मुलांविषयी काल एकाने, ‘गणितात नापास होणारीच पुढे पोलिसांच्या यादीत येतात, अशांना आठवीनंतर शाळेत ठेवूच नये’, असे लिहिले. त्याला मिळालेल्या पाठिंब्यामुळे गप्प बसवेना. शाळेतील अपयश आणि गुन्हा यांचा संबंध मी नाकारत नाही. दक्षिण लंडनमधील ४११ मुलांचा १९६१ पासून अनेक दशके मागोवा घेणाऱ्या वेस्ट आणि फॅरिंग्टन या संशोधकांनाही तो आढळला. मात्र त्याच्या जोडीला गरिबी, घरातील गुन्हेगारी आणि पालकांचे अपुरे लक्ष हीही कारणे त्यांनी नोंदवली. आपल्याकडे आई दिवसभर विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, घरात तेलुगू बोलतात आणि पुस्तक मराठीत असते. तिसरीत वाचताना अडखळलेला मुलगा सातवीपर्यंत मागच्या बाकावर मुकाट बसतो आणि एके दिवशी यायचाच थांबतो. त्याची चौकशी करायला कोणी जात नाही, आणि तो बिघडतो तो त्यानंतर. अशा मुलाला शाळेनेच बाहेर काढायचे?

माजी मुख्याध्यापक, जुळे सोलापूर:
लंडनपर्यंत जाण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवण्यास मनाई केली आणि शिक्षकाच्या हातात काहीच उरले नाही. भागाकार न येणारी मुले नववीत आलेली मी पाहिली आहेत; ती तिथे कोसळली आणि चौकात जाऊन बसली. २०१९ मध्ये कायदा बदलून ही मनाई सैल केली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीची परीक्षा आणली. तोवर झालेल्या नुकसानाविषयी बाई एक शब्द लिहीत नाहीत.

पालक, अक्कलकोट रोड:
साहेब, नापास करून कोण सुधारले? माझ्या पुतण्याला नववीत ठेवले, धाकटा भाऊ त्याच्याच वर्गात आला, आणि त्या लाजेने त्याने शाळा सोडली. पुढची दोन वर्षे तो कोणाबरोबर फिरत होता, ते आम्ही भोगले आहे.

माजी मुख्याध्यापक:
एका पुतण्यावरून धोरण ठरत नाही.

सेटलमेंटमधील रहिवासी:
मग एका चोरीवरून तरी ते कसे ठरते? १८७१ च्या कायद्याने आमच्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तारेच्या कुंपणात, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मी सातवीत असताना, वर्गात सहलीचे पैसे हरवले, तेव्हा फक्त वस्तीतल्या आम्हा दोघांची दप्तरे उलटी केली गेली. मी पहिल्या पाचात होतो. माझे गुण त्या दिवशी कोणी विचारले नाहीत. पैसे दुसरीकडेच सापडले, पण माझा मित्र पुन्हा शाळेत आला नाही. तुमच्या हिशेबात तो ‘अभ्यासात मागे पडलेला’ म्हणून नोंदला गेला असेल.

वकील:
कालच्या पोस्टमध्ये मुलांच्या शाळेचे नाव आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीनाचे, नावच काय, शाळाही उघड करता येत नाही. ती पोस्ट आधी काढावी. मुलाच्या घरची परिस्थिती तपासणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळासमोर येण्यापूर्वीच आपण निकाल देऊन मोकळे होत आहोत.

माजी मुख्याध्यापक:
दप्तरांचा प्रकार लांच्छनास्पद आहे, हे मी मान्य करतो, आणि शाळेचे नाव काढण्यालाही माझी हरकत नाही. परंतु त्यावरून परीक्षा नकोत, असे सिद्ध होत नाही.

निवृत्त शिक्षिका:
परीक्षा अवश्य घ्या. पण ज्या दुरुस्तीचा आपण दाखला देता, तिच्यातच नापास मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा संधी द्यावी, असे म्हटले आहे. ते दोन महिने म्हणजे ऐन मे-जून. त्या काळात विडी कामगाराच्या मुलाला कोण शिकवणार आणि कोणत्या वर्गात, एवढे आपण सांगावे.