पॅलाडिनचे व्रत आणि बाकीच्या गटाची अडचण

तटबंदी (सोलापूर), मूळ प्रश्न

नमस्कार. आम्ही काही मित्र रविवारी दुपारी जुळे सोलापुरातील एकाच्या घरी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रे वठवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ चे नियम, खेळतो. डीएमचे (डन्जन मास्टरचे), म्हणजे प्रसंग रचून खेळ चालवण्याचे, काम माझ्याकडे आहे. आमच्यातील एकाने पॅलाडिन, म्हणजे शपथेने बांधलेला, दैवी शक्ती असलेला योद्धा, घेतला असून त्याची शपथ 'डिव्होशन'ची आहे: प्रामाणिकपणा, धैर्य, करुणा, सन्मान आणि कर्तव्य.

गेल्या खेपेस गटाने एका पडक्या किल्ल्याच्या दरवाजात शत्रूचा हेर पकडला. गावातून पळवून नेलेली मुले कोठे ठेवली आहेत, हे त्या हेराला ठाऊक होते. चोराचे पात्र खेळणाऱ्या मित्राने, पेटती मशाल त्याच्या तळपायाजवळ नेतो, असे जाहीर केले. त्यावर पॅलाडिनने ती मशाल हिसकावून घेतली आणि बांधलेल्या माणसाला हात लावू देणार नाही, असे सांगितले. पात्रांमधील वाद पाहता पाहता खेळाडूंमध्ये उतरला. पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून फाशांखाली दाबून ठेवलेल्या कॅरेक्टर शीट तशाच पडून राहिल्या आणि बराच वेळ कोणीही फासा उचलला नाही. चोरवाल्याचे म्हणणे एका वाक्याचे होते: "व्रत त्याने घेतले, उपास आम्ही का करायचा?"

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पॅलाडिनने अशा वेळी डोळेझाक केली, तर त्याच्या शक्ती काढून घ्याव्यात काय? आणि एका पात्राचे नीतिबंधन संपूर्ण गटावर लादले जाऊ नये, यासाठी डीएमने नेमके काय करावे?

जुनाफासा

आपल्या मित्राची तक्रार या खेळाइतकीच जुनी आहे. पॅलाडिन १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत प्रथम आला आणि १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये त्याची आचारसंहिता अधिक कडक झाली. जाणूनबुजून बेबंद कृत्य केल्यास त्याने किमान सातव्या पातळीच्या धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचे, आणि जाणूनबुजून दुष्ट कृत्य केल्यास पॅलाडिनपद कायमचे जाऊन तो साधा लढवय्या म्हणून उरायचा. मात्र गटाला खरा जाच होत असे तो दुसऱ्याच कलमाचा. पॅलाडिनने केवळ सज्जन पात्रांची संगत धरावी, आणि तटस्थ पात्रे असलेल्या गटासोबत जायचेच झाले तर एकाच मोहिमेपुरते जावे, तेही त्या मोहिमेने सत्कार्य साधणार असेल तरच, असे त्यात लिहिले होते. म्हणजे टेबलावर कोणी कोणते पात्र आणावे, याचा निर्णय एका खेळाडूच्या निवडीने होत असे. त्याच्या शक्ती मोठ्या होत्या, म्हणून ही बंधने त्यांची किंमत म्हणून लावली होती. पण वसुली शेजाऱ्यांकडून व्हायची.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत सज्जनतेची अट गेली आणि दीक्षा मिळाल्यावर शक्ती काढून घेण्याची सोयही राहिली नाही. आपल्या आवृत्तीत शपथ मोडणाऱ्याने आधी प्रायश्चित्त करावे, असे सुचवले आहे. जाणूनबुजून मोडून पश्चात्तापाचा लवलेशही न दाखवणाऱ्यासाठीच, डीएमच्या मर्जीने, वर्ग (पात्राचा प्रकार) सोडण्याचा किंवा 'ओथब्रेकर', म्हणजे शपथ मोडलेला पॅलाडिन, होण्याचा मार्ग आहे. एकदा मान फिरवली म्हणून शक्ती काढणे त्या नियमांच्या रोखाला धरून नाही. तसेच 'डिव्होशन'च्या करुणेत शत्रूला दया दाखवावी, पण त्या दयेला शहाणपणाची जोड असावी, असेही म्हटले आहे. ही जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली दिसते.

भीमातीर

आपल्या जिल्ह्यात तरी याचे उत्तर शोधायला पुस्तक उघडावे लागू नये. घरात एकाने माळ घातली म्हणजे तो मटण खात नाही. त्याच्यासाठी वेगळे भांडे निघते आणि बाकीची पंगत आपले जेवते. माळकरी कोणाचे ताट ओढून घेत नाही, आणि त्याला कोणी आग्रहही करत नाही. पॅलाडिननेही तसेच वागावे. "मी मशाल धरणार नाही, खोटे बोलणार नाही, माझ्या वाटणीचा लुटीचा पैसा मला नको," एवढे त्याचे बंधन. इतरांना ते लागू नाही.

जुनाफासा

भीमातीर, दाखला चांगला आहे, पण तो नेमका येथेच तुटतो. मटण खाणारा स्वतःच्या ताटातले खातो. येथे ताटात तिसराच माणूस आहे. समोर बांधलेल्याचे पाय भाजले जात असताना "मी मशाल धरली नाही" एवढ्यावर समाधान मानणारा पॅलाडिन करुणेची शपथ पाळतो, असे मला म्हणवत नाही. स्वतःच्या खाण्यापिण्याची, बोलण्याची, धनाची बंधने आपण म्हणता तशी वेगळ्या भांड्याने सुटतात. दुसऱ्याच्या रक्षणाची शपथ तशी सुटत नाही, आणि तसे पात्र घ्यायचे तर बाकीच्यांना ते आधी मान्य असायला हवे.

तीनफासे

मी 'गर्प्स' हा याच धर्तीचा दुसरा खेळ चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. १९८६ च्या या प्रणालीत नीतिबंधन हे वर्गाला चिकटलेले नसून खेळाडूने विकत घेतलेले वैगुण्य असते. समुद्री चाच्यांच्या सन्मानसंहितेला उणे ५ गुण, सैनिकाच्या संहितेला उणे १०, सरदारी शौर्यसंहितेला उणे १५. तितके गुण पात्र घडवताना इतरत्र खर्चायला मिळतात. त्यामुळे व्रताचा मोबदला कोणी घेतला, हे कागदावर स्पष्ट दिसते आणि त्याची तोशीस इतरांना लागू लागली की डीएमला बोट ठेवता येते.

या पद्धतीतही चोरवाट आहे. गुण पहिल्या दिवशीच हाती पडत असल्याने काही खेळाडू संहिता घेतात आणि नंतर ती कधी अडणारच नाही अशा बेताने खेळतात. 'फेट' या आणखी एका खेळात याचे उत्तर बरे आहे: पात्राचा स्वभाव त्याला अडचणीत आणतो त्या क्षणी खेळाडूने ती अडचण पत्करली, तर त्याला फेट पॉइंट मिळतो. म्हणजे व्रताने काही अडले तरच मोबदला.

आपल्या प्रसंगासाठी मात्र मला १९८५ चा 'पेंड्रॅगन' हा खेळ आठवतो. तेथे स्वभावाच्या तेरा जोड्या असून प्रत्येक जोडीची बेरीज २० असते. दयाळूपणा १६ असलेल्या सरदाराचा क्रूरपणा ४ असणार, आणि अशा प्रसंगी डीएम त्याला वीस बाजूंचा फासा टाकायला लावू शकतो. सोळा किंवा त्याहून कमी पडल्यास तो दयेने वागतो. अन्यथा क्रूरपणावर फासा पडतो, आणि तोही फसला तर निर्णय खेळाडूचा. शक्ती काढून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण वागणूक बदलली तसे आकडे बदलतात. खेळाडूचा हात असा धरला जाणे सर्वांना रुचत नाही, हे खरे, मला रुचते.

तटबंदी

सर्वांचे आभार. भीमातीर आणि जुनाफासा यांच्या वादातून मला हवा असलेला भेद मिळाला. पुढच्या रविवारी खेळापूर्वी पॅलाडिनवाल्याला त्याची पाच बंधने महत्त्वाच्या क्रमाने लिहायला सांगणार आहे. 'पाथफाइंडर' या अशाच खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत असा क्रम दिलेला असतो आणि दोन कलमांचा संघर्ष झाला की वरचे कलम पाळायचे, एवढे पुरते. डीएमला धर्मसंकटाचा सापळा रचताच येत नाही. त्यातील जी बंधने इतरांच्या हातालाही अडवतात, तेवढीच गटापुढे ठेवून संमती घेईन. शक्ती काढून घेण्याचा विचार सोडला आहे.

हेराचे मात्र अजून तसेच आहे. मुले कोठे आहेत, हे पॅलाडिनच्या मार्गानेही कळू शकेल अशी वाट मी ठेवली पाहिजे. अन्यथा नियम काहीही असले, तरी व्रताची शिक्षा मीच देत आहे, असे होईल.

तीनफासे

वाट ठेवा, पण ती मशालीपेक्षा स्वस्त ठेवू नका. हेराला सोडून देण्याचे वचन मागू द्या, आणि ते वचन पॅलाडिनला पाळावे लागेल, हे चोरवाल्यालाही आधीच ठाऊक असू द्या.