मेसमध्ये पुन्हा उलट्या-जुलाब: गेल्या वर्षी होऊन गेलेल्या मुलांनाही कसे?

मेस_भंवरकुआँ: इंदूरला भंवरकुआँ भागात ६० मुलांची मेस आहे. दोन दिवसांत मुलं एकामागोमाग एक पडली. डॉक्टरांना नोरोव्हायरसची शंका आहे. गेल्या हिवाळ्यात ज्यांना हेच झालं होतं, तीही मुलं यात आहेत. नवीन व्हेरियंट आला म्हणायचं का? मग सफाईही वेगळी करावी लागते का? सध्या टेबलावर सॅनिटायझर आहे आणि फिनाईलचा पोछा चालू आहे.

सूक्ष्म_पलासिया: एकदा होऊन गेल्याचं संरक्षण काही महिने, फार तर काही वर्षं टिकतं, आणि तेही मुख्यतः त्याच प्रकारापुरतं. विषाणूचं कवच व्हीपी१ नावाच्या प्रथिनाच्या १८० प्रती जुळून बनतं. त्याचं बाहेर आलेलं टोक आतड्यातल्या पेशींवरच्या शर्करांना चिकटतं, आणि आपली प्रतिपिंडंही (अँटिबॉडीज) बरीचशी त्याच टोकाला धरतात. नक्कल होताना झालेल्या चुका हा विषाणू दुरुस्त करत नाही, म्हणून टोक हळूहळू बदलतं. जुनी प्रतिपिंडं निसटली की एकाच वेळी खूप लोक पुन्हा कचाट्यात सापडतात.

नोरोव्हायरसच्या जीआयआय.४ या प्रकाराने हे वारंवार केलं, दर वेळी नवा व्हेरियंट: २००२ फार्मिंग्टन हिल्स, २००४ हंटर, २००६ डेन हाग, २००९ न्यू ऑर्लिन्स, २०१२ सिडनी. सिडनी मात्र नंतर बरीच वर्षं ठाण मांडून बसला. २०१४-१५ला चीन-जपानमध्ये जीआयआय.१७ हा दुसरा प्रकार पुढे आला आणि २०२४-२५च्या हिवाळ्यात अमेरिकेतही त्याचाच जोर होता.

तुमच्याकडे कोणता आहे ते जनुकक्रम काढल्याशिवाय सांगता येणार नाही. नुसतं जुनं संरक्षण ओसरलं असेल तरी असंच दिसतं.

विजयनगर_२२: सत्तर टक्केवाला सॅनिटायझर आणा, विषय संपला.

किचन_राजवाडा: नाही भाऊ, संपत नाही. या विषाणूला चरबीचं वेष्टन नसतं, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर भरवसा नाही. हात साबणाने २० सेकंद चोळून वाहत्या पाण्याखाली धुवायचे. फिनाईलवरही विसंबू नका.

व्हेरियंट कोणताही असो, सफाई तीच. ५ टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच) घ्या. नळ, कड्या, टेबलं यांच्यासाठी २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी. उलटी झालेल्या जागी १०० मिली हायपो आणि ९०० मिली पाणी. आधी घाण साबणाने काढा, नाहीतर क्लोरीन तिथेच खर्ची पडतं. मग ५ ते १० मिनिटं ओलं राहू द्या. स्टील आणि ताटं नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर डाग पडतात. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हायपो चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

उलटीवर झाडू फिरवू नका, कण उडतात. मास्क आणि हातमोजे घालून वर जुने वर्तमानपत्र टाका, द्रावण ओता, थांबा, मग कडेकडून मध्याकडे गोळा करा. तो पोछा परत किचनमध्ये नको.

आणि पोहे! कढईतले गरमागरम पोहे सहसा दोषी नसतात. वरून हाताने टाकलेला कांदा, कोथिंबीर, शेव, लिंबू यांतून विषाणू जातो. जेमतेम १८ कण पोटात गेले तरी लागण होऊ शकते असा अंदाज आहे. या काळात वरचं सगळं चमच्याने वाढा, कच्चं सॅलड बंद ठेवा.

डॉ_स्नेहलतागंज: भर एका गोष्टीची. उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्या माणसाला स्वयंपाकाला, वाढायला लावू नका. काका-मावशींचा पगार कापला तर ते आजार लपवून कामावर येतात, हे मालकाने आधीच ठरवावं. बरं वाटल्यावरही मलातून विषाणू दोन आठवडे किंवा जास्त जाऊ शकतो.

मुलांना अँटिबायोटिक नको, विषाणूवर चालत नाही. एक लिटरचं ओआरएस पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घोळा, ग्लासभर पाण्यात नाही. उलटी झाली की १० मिनिटं थांबून घोट घोट द्या. लघवी कमी होणं, गुंगी, जुलाबात रक्त किंवा काहीच पोटात न टिकणं दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या. आणि नमुने घ्यायचेच असतील तर जुलाब चालू असतानाच घ्या.