अनुभव धागा : उडालेला विश्वास पुन्हा बसवताना (नाशिक जिल्हा)

लाभधारक, ठेवीदार, गावकरी एकदा बिथरले की सभेतली भाषणं कामी येत नाहीत. पाणी वापर संस्था, पतसंस्था, ग्रामसभा, बाजार समिती यांच्या कामातले जाणकार लिहा. ‘पारदर्शकता हवी’ एवढंच सांगायचं असेल तर राहू द्या. नेमकं काय करायचं, ते लिहा.

दिंडोरी, कालव्याचं काम

चारीवरची (कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटावरची) निम्मी भांडणं पाण्याच्या मापाची असतात. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटायच्या आधी कालवा निरीक्षक आणि पाणी वापर संस्थेचे दोन लाभधारक (त्यातला एक टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचाच हवा) यांनी मिळून फ्ल्यूम (चारीतली पाणी मोजायची, मधे अरुंद होणारी बांधीव नाली) तपासावा. 1 फूट घशाच्या (अरुंद भागाच्या) पार्शल फ्ल्यूमला गेज (पट्टीवर दिसणारी पाण्याची उंची) 0.5 फूट असेल तर 1.39 क्युसेक (सेकंदाला घनफूट), 0.6 फूट असेल तर 1.84. म्हणजे गेजपट्टी सव्वा इंच खाली सरकली, तरी कागदावर पाणी एक तृतीयांशाने वाढतं आणि पाणीपट्टी तेवढ्याची लागते. गेजपट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या तळाशी ओळंब्याने नाही, लेव्हल लावून जुळवा.

दुसरी खोड फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला. तिथे गवत-गाळ साचला की पाणी तुंबतं. खालची पातळी वरच्या पातळीच्या 70 टक्क्यांपुढे गेली की नेहमीचं कोष्टक लागू होत नाही. तरी नोंद त्यावरूनच होते आणि आकडा फुगतो. म्हणून फ्ल्यूमखालची चारी आधी साफ करायची, वरची नंतर.

सकाळ-संध्याकाळ गेज दोघांनी वाचायचं, वहीत दोघांच्या सह्या, लगेच फळ्यावर आकडा. 1 क्युसेक 24 तास चाललं की 2,447 घनमीटर, हे फळ्याच्या कडेला रंगवूनच टाका. पाण्याची पाळी टेलकडून हेडकडे (चारीच्या सुरुवातीकडे). हेडवाले कुरकुरतात, कुरकुरू द्या.

निफाड, पतसंस्थांचं लेखापरीक्षण

अडचणीतल्या पतसंस्थेच्या पहिल्याच सभेत खरं सांगा: 5 लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या, पतसंस्था नाहीत. हे लपवलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

मग पासबुकं आणि खतावणी (संस्थेचं खातेनिहाय हिशोबाचं पुस्तक) यांचा मेळ. पिग्मीची (एजंट रोज गोळा करतो त्या छोट्या ठेवींची) पासबुकं एजंटामार्फत मागवू नका, घोळ असला तर तिथेच असतो. ठेवीदाराला काउंटरवर बोलवा, शिल्लक रकमेच्या चिठ्ठीवर त्याची सही घ्या, एक प्रत त्याला द्या. परतफेडीचा क्रम (लहान ठेवी आधी, आजारपण वेगळं) लेखी लावा आणि ओळखीपाळखीने तो एकदाही मोडू नका. वसुलीच्या फलकावर कलम 101 चे दाखले (सहकार कायद्याखाली थकबाकीदाराविरुद्ध मिळणारे वसुली दाखले), जप्ती, लिलाव आणि हातात आलेली रक्कम असे चार वेगळे रकाने ठेवा. दाखला मिळाला म्हणजे पैसे आले, असं ठेवीदारांना भासवलं जातं. प्रत्यक्षात मूल्यांकन आणि लिलावातच बराच काळ जातो.

सुरगाणा-पेठ, ग्रामसभा

सभा पाड्यावर घ्या, ग्रुप ग्रामपंचायतीच्या (अनेक गाव-पाड्यांची मिळून एक) मुख्य गावात नको. आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत नको, आणि दिवाळीनंतर निम्मी माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात तेव्हाही नको. राग असतो तो कोऱ्या पानावर आधी घेतलेल्या सह्यांचा. ठराव तिथेच लिहायचा, मोठ्याने वाचायचा, अंगठेवाल्यांना त्यांच्या बोलीत सांगायचा, उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारायची आणि मगच सह्या. वहीचा फोटो पाड्यातल्या दोघांच्या मोबाइलवर गेल्याशिवाय ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीचा ग्रामसेवक) वही मिटू नये. नेटवर्क नसलं तरी फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढता येतो, त्यामुळे ती सबब चालत नाही.

लासलगावकडचे, वजनकाट्याबद्दल

एकच भर. भरलेला आणि रिकामा ट्रॅक्टर एकाच काट्यावर घ्या. पहिल्या वेळी चालक खाली उतरला असेल तर दुसऱ्या वेळीही उतरलाच पाहिजे, नाहीतर साठ-सत्तर किलो कांदा शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून जातो. कमी-जास्त वाटलं तर व्यापाऱ्याशी वाद घालत बसू नका, 20 किलोची प्रमाणित वजनं काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायला सांगा.