आधी पलंगाखाली वाकून बघा
आपल्या पलंगाला चिकटून लावायचा लेकराचा क्रिब, म्हणजे एका बाजूनं उघडा छोटा पलंग, घ्यायचा म्हणलं की सगळे सांगतात जाळीचा घ्या, चाकाला लॉक बघा, ते सगळं बरोबरच आहे पण आपला पलंग कोणता हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं लातूरला घरोघरी बॉक्सचा दिवाण, खाली पार फरशीपर्यंत फळी. या क्रिबचे पाय बहुतेक पलंगाखाली सरकवायचे असतात, जागा नसली की तो बाहेरच अडतो अन् मधे फट राहते. आमची चांगली चार बोटं होती, बायकोनं तिथं चादरीची गुंडाळी कोंबली, मला वाटलं जमलं, पण ते उलट जास्त धोक्याचं, लेकराचं तोंडच त्यात जाऊ शकतं. शेवटी दिवाण बाहेरच्या खोलीत काढला, आईचा जुना लोखंडी पलंग आत घेतला, पट्टा त्याच्या चौकटीला आवळून बांधला तेव्हा कुठं क्रिब हलायचा थांबला.

अन् कापसाची गादी असेल तर नवीन पिंजलेली असताना क्रिबची उंची तिला जुळवून मोकळे होऊ नका, महिन्याभरात दबते अन् क्रिबची कड वर राहते. हौसेनं लई महागाचा क्रिब पण नको, लेकरू हातागुडघ्यावर उठायला लागलं की बंदच करावा लागतो, आमचं तर पाचव्या महिन्यातच उठलं.