मदत हवी आहे: सबवूफर बसवल्यापासून डिकी खडखडतेय, डॅम्पिंग शीट घरीच लावायची आहे

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. घरी 2014 ची हॅचबॅक आहे. दिवाळीत डिकीत 10 इंची सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज देणारा स्पीकर) बसवला, बंद पेटीचा, सोबत वेगळा ॲम्प्लिफायर. सगळं केलं ते अण्णांसाठी. अण्णा आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. नांदेडला बहिणीकडे सारखं जाणं असतं. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळा रस्ता गाडीत भजनंच. पण पखवाजाची धूम साध्या स्पीकरमधून ऐकूच येत नव्हती.

आता येते, पण तिच्या मागोमाग डिकीतून खर्रर्र असा आवाजही येतो. अण्णा म्हणाले, "वाजवणारा चांगलाय रे, पण पत्र्यावर वाळू सांडल्यासारखं काय वाजतंय?" आणि लोह्याच्या अलीकडे त्यांनी आपणहून आवाज बारीक केला. तेव्हापासून चैन नाही.

बसवून देणाऱ्याला दाखवलं, तर "बेस वाढवला की एवढं होणारच" म्हणाला. मग मीच शोधायला बसलो. मोबाईलवर टोन जनरेटर (हवा तो सूर वाजवणारं ॲप) घेतला आणि 20 ते 100 हर्ट्झ हळूहळू सरकवत नेलं. पुतण्या आत बसून आकडा सांगायचा, मी बाहेरून जागोजाग तळहात दाबत फिरायचो.

40 च्या आसपास मागची नंबरप्लेट बोलते, बोट टेकवलं की गप्प. 55 ला डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक. ते काढलं तर एक क्लिप तुटलेली. 62 ला डाव्या चाकावरचा पत्रा. त्याच्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं तर रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा टण्ण वाजतो. स्टेपनीखालचा जॅकही हलत होता, त्याला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला, तो प्रश्न मिटला. खुद्द वूफरही तपासला: स्क्रू घट्ट आहेत, आणि कोन, म्हणजे त्याचा पुढचा पडदा, दोन्ही तळहातांनी अलगद, सारखा दाबला तर आत काही घासत नाही.

आता अडलंय ते डॅम्पिंग शीटवर, म्हणजे पत्र्याची थरथर जिरवायला त्याला चिकटवतात त्या शीटवर. इथल्या बाजारात डांबरी शीट स्वस्त मिळते, ब्यूटिल रबराची मागवावी लागते आणि महाग पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात. डांबरी टिकेल का? सगळी डिकी मढवावी लागते का? नंबरप्लेट नव्या पद्धतीची, हाय सिक्युरिटीची आहे, तिचं काय करू? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद, परभणीहून

भाऊ, डांबरी शीट घेऊच नका. मी दारात लावली होती. उन्हाळ्यात ती मऊ होऊन खाली घसरली, काचेच्या पट्टीला चिकटली, आणि गाडीत डांबराचा वास. रॉकेलच्या फडक्याने खरवडण्यात दोन रविवार गेले.

वरून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, 2 मिलिमीटरची ब्यूटिल घ्या. पत्रा थरथरला की मधलं रबर ताणलं जातं आणि ती थरथर तिथंच जिरते. म्हणून सगळा पत्रा झाकायची गरज नाही. सपाट, मोठ्या भागाचा मधला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा भरपूर झाला. अण्णांना विचारा, पखवाजाला कणीक कुठं लावतात. कडेला नाही, मधोमध.

आधी धूळ-तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग लोखंडी रोलरने दाबा, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत. हात जपा, कडा ब्लेडसारखी कापते. पाणी निघायची भोकं बुजवू नका, सीटबेल्टच्या यंत्रणेजवळ आणि वायरींवर शीट नको.

प्लास्टिक पत्र्यावर आपटतं तिथं मात्र ब्यूटिलचा उपयोग नाही. तिथं फोम किंवा फेल्टची टेप, आणि नवी क्लिप. नंबरप्लेट काढू नका, तिचं लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. फटीतून मागे फोमची पट्टी सरकवा. आणि ॲम्प्लिफायरचा लो पास (ठरलेल्या आकड्याच्या वरचे सूर वूफरकडे जाऊ न देणारी सेटिंग) 80 हर्ट्झच्या आसपास आहे का बघा, गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण, तेही थोडं उतरवून बघा.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. रविवारी सकाळी गाडी तासभर उन्हात ठेवली, शीट छान मऊ पडली. चाकावरच्या दोन्ही पत्र्यांना आणि डिकीच्या दाराला मधोमध लावली. आता पेराने वाजवलं तर टण्णच्या जागी ठप् येतं, भरलेल्या पोत्यासारखं. गेन खरंच जास्त होता, उतरवला. नंबरप्लेट फोमने गप्प झाली.

काल नांदेडला गेलो. अहमदपूर सुटल्यावर अण्णांनी हात पुढे करून आवाज वाढवला आणि मांडीवर ठेका धरला. मी काही बोललो नाही.

एकच राहिलंय. 70 हर्ट्झच्या पुढे मागच्या पार्सल ट्रेच्या बिजागरीत बारीक टिकटिक आहे. फेल्टची टेप लावली तर ट्रे नीट बसत नाही. तिथं कुणी काय वापरलंय?