वेबकॅमने दर पाच मिनिटांनी आपोआप फोटो काढायचे आहेत (विंडोज १०, गोदावरीची पाणीपातळी)

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या पंचवटीत तिसऱ्या मजल्यावरची खिडकी, समोर दुतोंड्या मारुती (नदीकाठची मूर्ती, पाणी तिच्या कुठपर्यंत आलं त्यावरून लोक पूर मोजतात) सरळ दिसतो. अंतर अंदाजे ८० मीटर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, हे विचारणारे फोन दिवसभर चालू असतात. म्हणून जून ते सप्टेंबर दर पाच मिनिटांनी एक फोटो निघावा, त्यावर तारीख-वेळ असावी आणि बिल्डिंगमधल्या लोकांना तो मोबाइलवर बघता यावा, एवढंच हवंय. हाताशी विंडोज १० चा जुना डेस्कटॉप आणि लॉजिटेक सी २७० वेबकॅम आहे. विंडोजचं कॅमेरा ॲप मिनिमाइझ केलं की थांबतं, त्यामुळे ते बाद. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आणि सी ९२० घेतला तर मारुती जास्त स्पष्ट दिसेल का?

खटपट्या:
या कामाला यॉकॅम (Yawcam) घ्या. फुकट आहे, हलकं आहे, जुन्या मशीनवरही चालतं. जुनी आवृत्ती उतरवली तर आधी जावा (यॉकॅम ज्याच्यावर चालतं ते वेगळं सॉफ्टवेअर) टाकावं लागेल.

यॉकॅम उघडण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग कॅमेरा इथे जा आणि पान पार खालपर्यंत सरकवा. डेस्कटॉप ॲप्सना कॅमेरा वापरू देण्याचं बटण तिथे वेगळं असतं. वरचं चालू आणि खालचं बंद, अशा अवस्थेत कॅमेरा यादीत दिसतो पण चित्र काळं येतं, आणि लोक ड्रायव्हर बदलत बसतात. झूम, ब्राउझर वगैरे बंद ठेवा. कॅमेरा एका प्रोग्रॅमने धरला की दुसऱ्याला सहसा मिळत नाही.

यॉकॅममध्ये सेटिंग्जच्या मेन्यूतून कॅमेरा निवडा. एडिट सेटिंग्जमध्ये फाइल आउटपुटला जाऊन फोल्डर द्या, अंतर पाच मिनिटं ठेवा, फाइलच्या नावात तारीख-वेळ घाला. चित्रावरची तारीख-वेळ टेक्स्ट ओव्हरलेमधून येते. अक्षरं वरच्या कोपऱ्यात आकाशावर ठेवा, खाली ठेवलीत तर नेमकं पाणी झाकलं जाईल. शेवटी कंट्रोल पॅनेलच्या खिडकीत फाइलसमोरचं एनेबल दाबा. हे विसरलं की सेटिंग सगळं बरोबर आणि फोल्डर रिकामं. स्टार्टअपच्या पानावरही फाइलला टिक करा, नाहीतर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तेच एनेबल हाताने दाबावं लागेल.

जागेचा हिशोब: ७२० पी चा (१२८० बाय ७२० पिक्सेलचा) जेपेग साधारण १५० केबी धरा. दिवसाला २८८ फोटो म्हणजे ४३ एमबी, आणि १२२ दिवसांचे सव्वापाच जीबीच्या आसपास. डिस्कची चिंता नाही. फक्त ते फोल्डर थंबनेलमध्ये उघडू नका, डिटेल्समध्ये ठेवा. पस्तीस हजार थंबनेल बनवताना जुनं मशीन घामाघूम होईल.

सातपूरकर:
सी ९२० साठी पैसे घालू नका. सी २७० चा दृश्यकोन, म्हणजे लेन्सला किती रुंद दिसतं तो कोन, कर्णात (चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत) ५५ अंश. ८० मीटरवर त्यात साधारण ७२ मीटर रुंदी मावते, ती १२८० पिक्सेलमध्ये वाटली की एक पिक्सेल साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटरचा. सी ९२० मध्ये १९२० पिक्सेल खरे, पण त्याचा कोन ७८ अंश, रुंदी ११३ मीटर. म्हणजे पिक्सेल पुन्हा सहाच्या जवळ! घाट जास्त दिसेल, मारुती तेवढाच. गुडघा, कंबर, छाती ओळखायला सी २७० पुरतो.

सी ९२० चा खरा फायदा वेगळा आहे: त्याला खाली ट्रायपॉडच्या स्क्रूची जागा असते, सी २७० ला नसते. तुमच्या कॅमेऱ्याची क्लिप खिडकीच्या चौकटीला पट्टी मारून घट्ट करा. पातळीची तुलना करायची तर जूनमधला आणि ऑगस्टमधला फोटो एकाच जागेवरून हवा. उलट, सी ९२० चा ऑटोफोकस काचेवरच्या थेंबांवर जाऊन बसतो, तो बंद करावा लागतो. सी २७० चा फोकस कायमचा बांधलेला, ती कटकटच नाही.

लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि भोवती काळा कार्डपेपर लावा. नाहीतर रात्री खोलीतली ट्यूबलाइट नदीवर तरंगताना दिसेल. ड्रायव्हरच्या खिडकीत पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. ६० राहिली तर दिव्यांच्या उजेडात आडवे पट्टे येतात. रात्री घाटावरच्या दिव्यांवर भागवायचं असेल तर ऑटो एक्स्पोजर (कॅमेरा एका फोटोसाठी किती वेळ उजेड घेतो ते) काढून हाताने द्या. तिथला आकडा म्हणजे दोनचा घात, उत्तर सेकंदात: उणे ५ म्हणजे १/३२ सेकंद, उणे ३ म्हणजे १/८. मात्र दिवसा हेच ठेवलं तर पांढराफटक फोटो. दोन्ही सांभाळत बसण्यापेक्षा ऑटो ठेवून रात्रीचे दाणेदार फोटो चालवून घ्या, असं माझं मत.

आणखी एक. रामकुंडाजवळ गोदावरी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटीतून नदीकडे बघणारी खिडकी पश्चिमेची. संध्याकाळी ऊन थेट लेन्समध्ये येईल. कॅमेरा किंचित खाली झुकवा, आकाश जेमतेम तारखेपुरतं घ्या.

गोदाकाठ:
यॉकॅम लावलं, फोटो येतायत. पण दोन-तीन तासांनी चित्र गोठतं. ओव्हरलेमधली वेळ पुढे सरकते, पाणी मात्र तेच. कॅमेऱ्याची वायर काढून घातली की पुन्हा सुरू. वायर लांब पडावी म्हणून तीन मीटरची एक्स्टेन्शन लावली आहे, मध्ये एक हबही आहे.

तारतम्य:
आधी हब काढा. यूएसबी २.० ला वायर एकूण पाच मीटरच्या आत हवी. कॅमेऱ्याची स्वतःची दीड मीटर आणि तुमची तीन मिळून बसते, पण मधला हब आणि सैल जोड गडबड करतात. त्याहून लांब न्यायची तर रिपीटरवाली (मध्ये सिग्नल पुन्हा जोरकस करणारी) वायर घ्या. कॅमेरा सीपीयूच्या मागच्या पोर्टला लावा, पुढच्या नाही.

मग वीजबचत. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड डिसेबल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे उपकरण बंद करू देण्याची टिक काढा. स्लीप ‘कधीच नाही’ वर. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. रिझोल्यूशन ७२० पी, पण फ्रेमचा वेग ५ किंवा १० ठेवा: वाययूवाय-टू (YUY2, न दाबलेलं कच्चं चित्र) प्रकारात ७२० पी ३० फ्रेमने म्हणजे सेकंदाला ५५ एमबी, आणि तेवढं यूएसबी २.० वर प्रत्यक्षात जात नाही. पाच मिनिटांना एक फोटो काढायला तीस फ्रेम हव्यात कशाला?

वीज जाऊन आल्यावर मशीन आपोआप उठायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग्ज) एसी पॉवर गेल्यानंतरची अवस्था पॉवर ऑन करा. विंडोजमध्ये पासवर्डविना लॉगिन आणि यॉकॅमचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल आत्ताच बदला. तो मेलेला असेल तर वीज जाताच घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि इंटरनेट येऊन वेळ जुळेपर्यंतचे सगळे फोटो चुकीच्या तारखेने पडतात. पुराच्या रात्री वीज आणि इंटरनेट दोन्ही एकदमच जाणार, हे धरूनच चला. जुना लॅपटॉप मिळाला तर डेस्कटॉपपेक्षा तोच बरा, बॅटरी अंगचीच. फक्त झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ हा पर्याय निवडा.

खटपट्या:
आता मोबाइलवर दाखवायचं. यॉकॅमचा वेबसर्व्हर बाहेर उघडू नका. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेट पत्ता) मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड (राउटरमधून बाहेरच्यांना आत वाट देणं) करून उपयोग होत नाही. आणि विंडोज १० चा मोफत आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, असं मशीन इंटरनेटला उघडं ठेवू नये. गुगल ड्राइव्हचं डेस्कटॉप ॲप टाका, त्यात एक फोल्डर करून लिंक असलेल्यांना फक्त बघण्याची परवानगी द्या. मोफत १५ जीबीत तुमचा हंगाम मावतो, फक्त जीमेल आणि फोटोही त्याच १५ मध्ये मोजतात.

फोटो मात्र थेट ड्राइव्हवर लिहू नका. मशीन सुरू होताना ड्राइव्ह चढायला वेळ लागतो, तोवर यॉकॅमला फोल्डर सापडत नाही. डी ड्राइव्हवर साठवा आणि टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) दर पाच मिनिटांनी रोबोकॉपीने (विंडोजमधलीच फाइल कॉपी करणारी कमांड) नवीन फाइल तिकडे न्या. फोटोच्या वेळेपासून दोन मिनिटं सरकवून लावा, म्हणजे अर्धवट लिहिलेली, खालून करडी फाइल उचलली जाणार नाही.

मेनरोड:
कॅमेऱ्याच्या चौकटीत रामकुंडाच्या पायऱ्या येतायत का ते बघा. तिथे लोक आंघोळ करतात, विधीला बसतात, आणि लिंक एकदा ग्रुपवर गेली की कुठपर्यंत जाईल ते आपल्या हातात नाही. कॅमेरा वळवून पायऱ्या बाहेर ठेवता येत नसतील तर लेन्ससमोर काचेवर काळी पट्टी चिकटवा. सॉफ्टवेअरमध्ये झाकण्यापेक्षा हे पक्कं, कारण मूळ फोटोतच काही येत नाही. पट्टी आतून लावा, बाहेरची पहिल्याच पावसात सुटते.