शॉर्ट हिल्स की क्युपर्टिनो? सासूबाई कायमच्या राहायला येतायत, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सध्या न्यू जर्सीत एडिसनला भाड्याने राहतो. नवऱ्याला ऑफिसने न्यूयॉर्कचं मॅनहॅटन किंवा कॅलिफोर्नियातलं सनीवेल यातलं एक निवडायला सांगितलंय आणि कुठेही गेलो तरी आता घर घ्यायचंच आहे, म्हणजे इकडे शॉर्ट हिल्स नाहीतर तिकडे क्युपर्टिनो.

पैशांचं गणित बरंचसं मांडून झालंय. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, तर कॅलिफोर्नियात 1978 च्या प्रपोझिशन 13 या कायद्यामुळे टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, पण मुळात घरच इतकं महाग की तेवढ्या पैशात इकडे बेसमेंटसकट बरंच मोठं घर येतं. इकडून ट्रेन थेट मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला, क्युपर्टिनोला कॅलट्रेन, म्हणजे तिकडची लोकल, येतच नाही, सगळं गाडीवर. तिकडे भूकंपाची भीती, इकडे 2021 च्या आयडा वादळात शॉर्ट हिल्सला लागूनच्या मिलबर्नच्या डाऊनटाऊनमध्ये पाणी शिरलं होतं, आणि साध्या होम इन्शुरन्समध्ये भूकंपही बसत नाही आणि पूरही नाही. असो.

माझा जीव अडकलाय तो सासूबाईंपाशी. त्यांचं ग्रीन कार्ड झालं, त्या आता कायमच्याच येतायत, गुडघे दुखतात, गाडी येत नाही, आणि पुण्यात रोज सकाळी कुणाला न विचारता पायात चपला सरकवून देवळात जाणारी बाई आहे ती! जानेवारीत इथे फुटपाथवरचा बर्फ घट्ट होऊन काच होतो, त्यावर त्यांना एकटीला कसं सोडणार? क्युपर्टिनोला मेमोरियल पार्कात मी सकाळी देशी आणि चिनी आजी-आजोबा रमतगमत चालताना बघितले, एक काकू बाकावर बसून शेजारणीला शेंगा सोलून देत होत्या, तेव्हापासून मन तिकडे ओढ घेतंय.

पण मग माझी आई. ती सांगलीत एकटी आहे. उन्हाळ्यात इथून सकाळी साडेआठला फोन केला की तिकडे संध्याकाळचे सहा, निवांत बोलणं होतं. कॅलिफोर्नियातून त्याच वेळी केला तर रात्रीचे नऊ, ती झोपायला टेकलेली असते, आणि प्रवासही लांबतो, अचानक निघायची वेळ आली तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

लेक सातवीत जाईल. शाळा दोन्हीकडे नामांकित, अभ्यासाचं प्रेशरही दोन्हीकडे ऐकलंय, तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा, विशेषतः मधेच नवीन आलेल्या मुलांना मैत्रिणी मिळतात का.

आणि ज्यांच्याकडे सासू-सासरे किंवा आई-वडील कायमचे राहतात त्यांनी प्लीज लिहा, त्यांचा दिवस कसा जातो, चालत जाता येईल असं देऊळ, लायब्ररी, सीनियर सेंटर काही आहे का, मराठी बोलणारं कुणी भेटतं का. क्युपर्टिनोत नेमक्या कुठल्या भागात घर बघू? शॉर्ट हिल्सवाल्यांनो, हिवाळ्यात तुम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काय करता? नवऱ्याला महिनाअखेरपर्यंत ऑफिसला कळवायचंय.